टायरचा पिवळा दिवा लागला तर: गेज, पंप, सेन्सर किट आणि कोल्हापुरातली हवा

टायरच्या हवेवर पैसे खर्च करायचे असतील तर क्रम असा ठेवा. आधी हवेचा दाब मोजायचं एक चांगलं गेज घ्या, मग १२ व्होल्टचा पंप. या दोन्हींची सवय लागली की मग सेन्सर किटचा विचार करा. प्रत्यक्षात बहुतेक लोक उलट्या टोकानं सुरू करतात. डॅशबोर्डवर चार आकडे दिसावेत म्हणून तीन हजारांचं किट बसवतात आणि हवा मात्र पेट्रोल पंपावर, तापलेल्या टायरमध्ये, अंदाजानं भरतात. असं केलं की किटवरचे आकडे रोज वेगळे दिसतात, अलार्म वाजत राहतो आणि पंधरा दिवसांत डिस्प्ले ग्लोव्ह बॉक्समध्ये जातो.

ज्यांच्या गाडीत हवा कमी झाली की लागणारा कंपनीचाच पिवळा दिवा आहे त्यांचाही एक गैरसमज आधी दूर करायला हवा. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं नसतं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे शिफारशीपेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागला पाहिजे, युरोपात ही मर्यादा २० टक्क्यांची आहे. आपल्याकडं या यंत्रणेसाठी एआयएस-१५४ हे मानक आहे. ३३ पीएसआयची (हे टायरमधला दाब मोजायचं एकक) शिफारस असेल तर २५ टक्के कमी म्हणजे जेमतेम २५. तिथपर्यंत उतरलेला टायर कडेला वाकू लागलेला असतो, मायलेज घटलेलं असतं आणि नक्षीच्या दोन्ही कडा जास्त झिजू लागलेल्या असतात. दिवा धोका सांगतो. देखभाल आपल्यालाच करावी लागते.

दिव्याचं चिन्ह म्हणजे टायरचा आडवा छेद, घोड्याच्या नालेसारखा, आणि मध्ये उद्गारवाचक चिन्ह. तो लागून तसाच स्थिर राहिला तर कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर बिघाड यंत्रणेत आहे: सेन्सरची बॅटरी संपली, सेन्सर तुटला किंवा चाक बदलल्यावर गाडीला त्याची ओळख करून दिलेली नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यावर हवा भरत बसून उपयोग नाही. तरीही एकदा गेज लावून चारही चाकं बघा, कारण या अवस्थेत खरंच हवा गेली तर गाडी ते सांगणार नाही.

आता तुमच्या गाडीत कुठली पद्धत आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल तर चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर आहे. ह्युंदाई आणि कियाच्या माहितीपत्रकात ‘हायलाइन’ म्हणतात ते हेच. आकडा दिसत नाही, फक्त दिवा लागतो, अशा गाड्यांत बहुधा चाकात काहीच बसवलेलं नसतं. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकाच्या फिरण्याचा वेग मोजतातच. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं, हा फरक गाडीचा संगणक पकडतो. स्कोडा-फोक्सवॅगनच्या कुशाक, टायगुन आणि होंडा सिटी यांत ही पद्धत आहे. तिची कमजोरी सरळ आहे: चारही टायरमधली हवा महिनोन् महिने सारखीच उतरत गेली तर चाकाचाकांत फरक पडत नाही आणि दिवाही बहुधा लागत नाही. शिवाय हवा भरल्यावर रिसेट करावं लागतं. चाकं थंड असताना हवा बरोबर भरायची, इग्निशन सुरू करायचं, मेन्यूतून किंवा बटण दाबून ‘सेट’ करायचं आणि पुढं थोडा वेळ नेहमीच्या वेगानं गाडी चालवायची. त्या वेळात गाडी नवीन मोजमाप शिकते. कमी हवेवरच रिसेट मारलं तर गाडी ती कमी हवा बरोबर मानून चालते. दिवा घालवण्यासाठी रिसेट दाबण्याची सवय म्हणूनच सगळ्यात वाईट.

थंडीत दिवा का लागतो

डिसेंबर-जानेवारीत सकाळी कळंब्याहून किंवा आर. के. नगरातून निघताना दिवा लागतो आणि कावळा नाक्यापर्यंत पोचेतो विझतो, ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. यात गाडीचा दोष नाही. साधारण ३३ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी उतरलं की दाब दीड-पावणेदोन पीएसआयनं उतरतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंशांत हवा भरली आणि डिसेंबरच्या पहाटे १४-१५ अंश झाले तर तीनेक पीएसआय नुसत्या थंडीनं गेले. ट्यूबलेस टायर चांगला असला तरी महिन्याला एक-दोन पीएसआय रबरातून झिरपतातच. दोन महिन्यांची ही गळती त्यात धरली की ३३ चे २६-२७ होतात आणि दिव्याची मर्यादा जवळ येते. मग गाडी चालली, टायर तापला, दाब दोन-तीन पीएसआयनं वाढला की दिवा विझतो. तो विझला म्हणून काम संपलं असं समजू नका, त्याच दिवशी हवा भरा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. कराडहून हायवेनं आलेल्या गाडीचा टायर तापून ३६-३७ दाखवतो. तेव्हा ‘हवा जास्त झाली’ म्हणून ती सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी २९ मिळतील. तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नये. दारापाशी ड्रायव्हरच्या बाजूला खांबावर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. टायरच्या कडेवर कोरलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा आकडा नाही. स्टिकरवर बहुधा दोन ओळी असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरी. पाच माणसं आणि डिकी भरून जोतिबाला किंवा कोकणात निघणार असाल तर दुसरी ओळ वाचा. मागच्या चाकांचा आकडा तिथं बऱ्याचदा वेगळा असतो.

कोकणाचं आणखी एक. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आंबा घाट किंवा करूळ घाट उतरून किनाऱ्याला गेलात की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि तेवढ्यानंच गेजवर जवळपास एक पीएसआय कमी दिसतो. रत्नागिरीत सकाळी ३३ चे ३२ दिसले तर पंक्चर शोधत बसू नका.

गेज, पंप आणि किट

गेज. इथंच सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फायदा आहे, म्हणून यावर कंजुषी नको. पेनसारखी दांडी बाहेर येणारी गेजं स्वस्त असतात, पण हायवेच्या पंक्चरवाल्यांकडं असतात ती बहुधा ट्रकच्या टायरसाठी, दीडशे पीएसआयपर्यंतच्या मापाची. त्यावर कारचे ३३ अगदी खालच्या टोकाला येतात आणि दोन रेघांमधला फरकच पाच-दहा पीएसआयचा असतो. अशा गेजवर ‘तेहतीस आहेत साहेब’ याचा अर्थ तीस ते छत्तीसमधलं काहीही. घ्यायचं तर ० ते ६० पीएसआयचं डायलचं घ्या, कारण काट्याचं गेज मापाच्या मधल्या भागात सगळ्यात खरं बोलतं आणि कारचा आकडा तिथंच पडतो. नाहीतर अर्ध्या पीएसआयचा फरक दाखवणारं डिजिटल. लवचिक नळी असलेलं घेतलं तर मागच्या चाकांच्या आत दडलेल्या व्हॉल्व्हलाही नीट बसतं. तीनशे ते आठशे रुपयांत दोन्ही प्रकार मिळतात. लावताना ‘फुस्स’ असा आवाज आला तर ते तिरकं बसलंय. तो आकडा सोडून द्या आणि पुन्हा लावा. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कायम तेच गेज वापरा. एक पीएसआयनं चुकीचं पण रोज सारखंच दाखवणारं गेज चालतं, कारण चार चाकांतला फरक ते खरा दाखवतं.

पंप. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागणारा, १२० ते १५० वॉटचा, आकडा लावला की आपोआप थांबणारा डिजिटल पंप आमच्या मते प्रत्येक गाडीत हवा. किंमत साधारण दीड ते तीन हजार. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरला २५ वरून ३३ वर यायला दोन-तीन मिनिटं, आणि पूर्ण बसलेला टायर भरायला पाच-सात मिनिटं धरा. विकत घेताना खोक्यावरचा ‘१५० पीएसआय’ हा आकडा बघू नका, कारला त्याचा उपयोग नाही. मिनिटाला किती लिटर हवा देतो, तार किती लांब आहे आणि सलग किती वेळ चालवता येतो हे बघा. तार किमान तीन मीटर हवी, नाहीतर मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. छोट्या पंपांना आठ-दहा मिनिटं चालवल्यावर तितकीच विश्रांती लागते. ती दिली नाही तर सिलिंडर तापून आतली सील जाते. नळीचं टोक स्क्रूचं असेल तर काढताना पाव-अर्धा पीएसआय सुटतो, म्हणून ३३ हवे असतील तर ३३.५ लावा. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवा, आणि सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. १५० वॉटचा पंप बारा-साडेबारा अँपिअर ओढतो, त्याला १० चा फ्यूज पुरणार नाही.

बॅटरीवर चालणारे, मुठीत मावणारे पंप हल्ली खूप खपतात. टॉप-अपसाठी चांगले आहेत, तारेची कटकट नाही. पण एका चार्जमध्ये पूर्ण बसलेले दोन टायर भरतीलच असं नाही, आणि लिथियम बॅटरीचा पंप एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवणं योग्य नाही. घरी ठेवला तर हायवेवर उपयोगाचा नाही. म्हणून गाडीत ठेवायचा तर तारेचाच.

पंपाच्या अंगचा आकडा आणि तुमच्या गेजचा आकडा पहिल्याच दिवशी एका टायरवर ताडून बघा. एक-दीड पीएसआयचा फरक असतोच, तो चिकटपट्टीवर लिहून पंपाला लावा. दीडच्या वर असेल तर पंप परत करा.

सेन्सर किट. दोन प्रकार. पहिला बाहेरून बसणारा: व्हॉल्व्हची टोपी काढून तिच्या जागी सेन्सर पिळायचा, डॅशबोर्डवर सौर पॅनेलचा छोटा डिस्प्ले. दोन ते चार हजारांत मिळतो, ब्लूटूथवाल्या प्रकारात डिस्प्लेऐवजी मोबाइलवर आकडे दिसतात. दुसरा आतून बसणारा: टायर रिमवरून उतरवून व्हॉल्व्हसकट बसवावा लागतो, किंमत जास्त. एकाच प्रकारचा माल बऱ्याचदा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळं नावापेक्षा वॉरंटी कोण देतं आणि सुटे सेन्सर मिळतात का, हे विचारून घ्या.

बाहेरच्या सेन्सरचा फायदा म्हणजे दहा मिनिटांत स्वतः बसवता येतो. डिस्प्ले सुरू करा, एकक पीएसआय करा, खालचा अलार्म शिफारशीच्या १५ टक्के खाली लावा (३३ ला २८), वरचा ४२ च्या आसपास, आणि तापमानाचा ७० ते ७५ अंशांवर. बहुतेक किटमध्ये खालचा अलार्म कारखान्यातूनच खूप खाली लावलेला असतो, तो तसाच ठेवला तर किट घेण्यात अर्थ राहत नाही. प्रत्येक सेन्सरवर जागा लिहिलेली असते, डावं पुढचं, उजवं मागचं वगैरे. जागा चुकवू नका. आधी व्हॉल्व्हवर लॉकनट चढवा, मग सेन्सर हातानं घट्ट पिळा, मग किटमधल्या पान्ह्यानं नट वर आवळा.

आता त्याचा खरा दोष, जो खोक्यावर कुठं लिहिलेला नसतो. टोपी नुसती झाकण असते, हवा अडवायचं काम व्हॉल्व्हमधली पिन करते. बाहेरचा सेन्सर मात्र दाब मोजण्यासाठी ती पिन कायम दाबून धरतो. म्हणजे तुमच्या टायरची हवा आता सेन्सरमधल्या एका छोट्या रबरी वॉशरवर थांबलेली असते. वॉशर तिरका बसला, त्यावर धूळ असली किंवा वर्षभरात कडक झाला की टायर हळूहळू बसतो. बसवल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडून मिनिटभर बघा. मोठे बुडबुडे लगेच कळतात, बारीक गळतीत सेन्सरच्या कडेला मोहरीएवढा फेस जमतो आणि पुसला तरी परत येतो. तो दिसला की सेन्सर काढून वॉशर पुसा, पुन्हा बसवा, तरी आला तर तो सेन्सर वापरू नका.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. बहुतेक गाड्यांना रबरी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या टोकाला आठ-दहा ग्रॅमचा सेन्सर बसला की वेगात तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि रिममध्ये शिरतो तिथं रबराला चिरा पडू लागतात. जुन्या, तडे गेलेल्या व्हॉल्व्हवर सेन्सर बसवणं धोक्याचं आहे. किट घ्यायचंच तर चारही व्हॉल्व्ह नवीन धातूचे करून घ्या आणि चाकांचं बॅलन्सिंग करा. हा खर्च किटच्या किमतीत धरा. तिसरी गोष्ट, हवा भरायची असली की दर वेळी नट सैल करून सेन्सर काढावा लागतो. पेट्रोल पंपावर मागं रांग असताना हे कोणी करत नाही, म्हणूनच घरचा पंप आधी घ्या म्हटलं. बॅटरी बहुधा सीआर १६३२ ची असते आणि वर्ष-दोन वर्षं जाते. बदलताना कडेची रबरी रिंग नीट बसवली नाही तर पावसाळ्यात पाणी शिरून सेन्सर मरतो. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात नियमित फिरणाऱ्यांनी पावसाळ्याआधी चारही उघडून आटे पुसून घ्यावेत, नाहीतर ओल धरून नट व्हॉल्व्हला चिकटून बसतो.

आतला सेन्सर सुरक्षित, अचूक आणि चोरीला न जाणारा. कंपनीच्या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं जाते, पण ती सीलबंद असते, संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो. रोज हायवेवर जाणाऱ्यांनी, कागल किंवा शिरोली एमआयडीसीत नोकरीला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, नवीन टायर घालतानाच हा बसवून घ्यावा, म्हणजे टायर उतरवण्याची वेगळी मजुरी पडत नाही. फक्त शहरात, राजारामपुरी ते रंकाळा एवढंच फिरणाऱ्याला दोन्हींपैकी कुठलंही किट गरजेचं नाही. पंधरवड्यातून एकदा सकाळी गेज लावलं तर पुरतं.

कोल्हापुरात हवा कुठं भरावी

पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळायला हवी, ती विचारून घ्यायला संकोच नको. आकडा लावून ठेवायची डिजिटल मशिन असेल तर काम बरं होतं, मशिन स्वतः थांबते आणि बीप देते. अडचण असते ती आकड्याची. समोरच्या गाडीला लावलेले ३५ तसेच ठेवून तुमच्याही टायरमध्ये तेवढेच जातात. खाली उतरा, स्क्रीनवरचा आकडा स्वतः वाचा. पंपावर पोचेपर्यंत पाच-सहा किलोमीटर झाले असतील तर टायर कोमट आहे, स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गेजनं नेमकं करा. टोपी स्वतःच्या हातात ठेवा. ती हरवली की व्हॉल्व्हमध्ये माती जाते आणि पिन अडकून हवा सुटू लागते. कंपनीच्या सेन्सरचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असेल तर त्याला साधी पितळी पिन किंवा धातूची टोपी घालू देऊ नका, दोन धातू ओलीत एकमेकांना चिकटतात आणि पुढं काढताना व्हॉल्व्हच मोडतो. प्लास्टिकची टोपी आणि निकेलचा मुलामा दिलेली पिन, एवढं लक्षात ठेवा.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याबद्दल फार विचारणा होते. तो वाईट नाही, पण चमत्कारही नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, आणि त्यात बाष्प नसतं, हा खरा फायदा. थंडीत दाब उतरण्याचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच. टॉप-अपचे साधारण दहा-वीस रुपये टायरमागं देण्यापेक्षा साधी हवा वेळेवर भरलेली चांगली, आणि नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काही बिघडत नाही. ‘आमच्याकडंच यावं लागेल’ असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. साध्या कॉम्प्रेसरबाबत एक गोष्ट जरूर बघा: टाकीच्या तळाचं पाणी रोज सोडतात का. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीत भरपूर पाणी जमतं आणि ते हवेबरोबर टायरमध्ये जातं. पहिली दोन सेकंद नळीतून हवा बाहेर सोडून हाताला ओल लागते का ते बघितलं की कळतं.

पंक्चरचं काम. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत मशीन शॉप आणि फाउंड्र्या दाटीनं आहेत, तिथल्या रस्त्यांवर लोखंडाच्या चिपा आणि खिळे टायरला लागतात. दिवा एकाच चाकासाठी पुन्हापुन्हा लागत असेल तर आधी त्या चाकात खिळा किंवा चीप शोधा. खिळा दिसला तर तो उपटू नका. ट्यूबलेसमध्ये तोच भोक बुजवून बसलेला असतो. हवा भरा आणि दुकानापर्यंत हळू न्या.

सेन्सरवाल्या गाडीचा टायर उतरवायचा असेल तर सुरुवातीलाच सांगा: “भावा, चाकात सेन्सर हाय. व्हॉल्व्हच्या बाजूनं बीड दाबू नको.” बीड म्हणजे टायरची रिमला बसणारी कड. टायर मशिनचा दाबणारा पत्रा व्हॉल्व्हपासून समोरच्या बाजूला लावला की सेन्सर वाचतो, व्हॉल्व्हजवळ लावला की तुटतो. दुकानदार हे ऐकून मान डोलावतो की ‘काय होत नाही’ म्हणतो, यावरून दुकान निवडा. दुरुस्ती नक्षीच्या भागातलीच करावी, भोक सहा मिलिमीटरपर्यंतचं. कडेला चीर असेल तर दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. बाहेरून मारलेली रबरी स्ट्रिप तात्पुरती चांगली, पण कायमचं काम आतून मशरूम पॅचचं (आतून चिकटणारं ठिगळ, त्याचा दांडा भोकात बसतो). तो महाग पडतो, तरी त्यासाठी टायर उतरवला जातो आणि आतली स्थिती दिसते. आत काळी, बारीक रबराची भुकटी जमलेली दिसली तर तो टायर कमी हवेवर चालून कडेची चामडी आतून कुरतडली गेली आहे. बाहेरून कितीही नवा दिसला तरी तो पुन्हा घालू नका. ज्याला हे काढून दाखवायची सवय आहे, त्या दुकानाला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

भोक बुजवणारं पातळ सीलंट आधीच चारही टायरमध्ये भरून ठेवणं आम्हाला पटत नाही. ते सेन्सरच्या दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतं, बॅलन्सिंग बिघडवतं आणि पंक्चरवाला रिम पुसत बसतो. अडचणीच्या वेळी वापरलं असेल तर दुकानात सांगा, म्हणजे सेन्सर वेळेत पुसला जाईल.

हायवेवर दिवा लागला तर

पुणे-बेंगळुरू हायवेवर, समजा पेठ नाका आणि किणी टोल नाक्याच्या मध्ये, दिवा लागला तर ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडी एका बाजूला ओढते का ते हाताला जाणवू द्या. ओढत नसेल आणि आकडा दिसत असेल तर तो वाचा. २५-२६ असेल तर साठच्या आत, डाव्या लेनमधून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जायला हरकत नाही. आकडा डोळ्यांदेखत उतरत असेल किंवा वीसच्या खाली असेल तर जिथं रुंद जागा मिळेल तिथं, लेनच्या पूर्ण बाहेर थांबा. इंडिकेटर, त्रिकोण, आणि रात्र असेल तर माणसं गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडं. पंप लावून ३५ पर्यंत भरा आणि पाच मिनिटांनी गेज लावा. एक पीएसआयच्या आत उतरलं असेल तर दुकान गाठता येईल, दर वीस मिनिटांनी थांबून बघत. पाच मिनिटांत चार-पाच उतरले तर स्टेपनी लावा.

स्टेपनी असेल तर. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. नवीन गाडी घेताना डिकीचा तळ उचलून बघा. तिथं चाकाऐवजी किट असेल तर त्याच्या बाटलीवरची मुदत बघा, ती संपते. स्टेपनी असेल तर तिची हवा दोन महिन्यांतून एकदा तरी तपासा, आणि नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, लावताना कमी करता येते. अरुंद, तात्पुरत्या चाकावर ४२० केपीए (दाबाचं दुसरं एकक) लिहिलेलं असेल तर ते साधारण ६० पीएसआय होतात. त्यात ३३ भरून ते लावू नका आणि ८० च्या वर वेग नेऊ नका. चाकात सेन्सर असलेल्या गाड्यांतही स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळं ती लावल्यावर कंपनीचा दिवा आधी लुकलुकेल आणि मग लागलेलाच राहील. बाहेरचं किट असेल आणि स्टेपनी नेहमीच्या मापाची असेल तर काढलेल्या चाकाचा सेन्सर स्टेपनीच्या व्हॉल्व्हवर पिळा, जागा तीच राहते आणि अलार्म थांबतो.